राणीसमोर बसायचा हक्क

मी एक जुनी तिवई आहे, आणि तुम्हाला पाहून मला अजिबात आनंद झालेला नाही, मित्रांनो. तुम्ही शाळेच्या सहलीने येता, दोरीपलीकडून माझ्याकडे बोट दाखवता, "एवढीशीच?" म्हणता आणि शेजारच्या दालनातल्या तलवारी बघायला पळता. तुमच्यातल्याच कुणीतरी परवा माझ्या मागच्या पायाला चघळलेला डिंक चिकटवून ठेवला आहे. अशांना आपले आयुष्य सांगणे म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. पण राखणदार जेवायला गेला आहे, दार बाहेरून बंद आहे, आणि तुमच्या बाईंनी आत्ताच जे सांगितले ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे. त्या म्हणाल्या, या तिवईवर राणी वाल्बुर्गा बसत असे. साफ खोटे. राण्या तिवईवर बसत नाहीत. आणि त्या भिंतीवरच्या चित्रात राजाने तिचा हात हातात घेतला आहे ना, तेही खोटे. चित्रकाराने राजाचा हात वेगळा काढला, राणीचा वेगळा, आणि नंतर दोन्ही जोडून दिले. लग्नही त्यांचे तसेच जोडलेले होते.

माझा जन्म नॉर्डहोल्मच्या राजवाड्यामागे, घोड्यांच्या पागेला लागून असलेल्या सुतारशाळेत झाला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे तीन पाय, वर घोड्याच्या आयाळीचे केस भरलेली गादी, लाल मखमल आणि खाली कलाबतूची झालर. मला घडवणारा मॅडस सुतार तोंडाचा फटकळ होता. खारवलेला हेरिंग मासा काळ्या पावाबरोबर चावता चावता तो माझे पाय तासायचा आणि अख्ख्या दरबाराला शिव्या घालायचा. शेवटचा हात फिरवताना तो मला म्हणाला, "राबणारा उभा, रिकामटेकडा बसलेला. आणि त्यांना बसायलासुद्धा हक्क लागतो म्हणे. जा बाई, तुझं तू बघ."

त्याचे म्हणणे खरे होते. राणीच्या संध्याकाळच्या दिवाणखान्यात हातांची खुर्ची एकच, आणि ती राणीची. मोठ्या सरदारांच्या बायकांना, म्हणजे डचेसबाईंना, आम्हा तिवयांवर बसता येई. बाकीच्या साऱ्या जणी उभ्या. परराज्यांतून आलेल्या वकिलांच्या बायका उभ्या, काउंटेसबाई उभ्या, पोट पुढे आलेल्या असल्या तरी उभ्या. तिवई मिळायची तीसुद्धा राणीच्याच तोंडून. राणीने खुर्चीत बसून म्हणायचे, "ही जागा तुमची." मग त्या बाईने गुडघे वाकवून नमस्कार करायचा आणि बसायचे. ती एकदा टेकली की हक्क पुरा झाला. तो हक्क जन्माचा असे. जिला जागा मिळाली तिला दरबारातून कुणी हलवू शकत नसे, खुद्द राजासुद्धा. आणि एक नियम या सगळ्यांच्या वर होता. राणी उभी असेल तर कुणीही बसायचे नाही. जी बसेल तिने दुसऱ्या दिवशी राज्य सोडायचे.

माणसांना डोके असते असे म्हणतात. मी तरी दरबारात ते कुणाकडे पाहिले नाही. नियम मात्र प्रत्येकाला पाठ होते, आणि सर्वांत जास्त पाठ होते म्हाताऱ्या टॉर्बेन स्कोव्हला. शिष्टाचार सांभाळणारा हा कामदार इतका सुकलेला होता की चालताना त्याच्या गुडघ्यांचा आवाज यायचा. त्याने मला दिवाणखान्यात शेकायच्या भट्टीजवळच्या कोपऱ्यात ठेवले, कारण तेव्हा मला मालकीण नव्हती. डोक्यावर कुणी नाही आणि काम नाही, अशी मी तिथे धूळ खात राहिले. तिथूनच मी राणीला पहिल्यांदा पाहिले.

वाल्बुर्गा डोंगरातल्या एका लहानशा संस्थानिकाची मुलगी. राजा एस्बेनला तिच्या बापाचे सैनिक हवे होते आणि बापाला जावई म्हणून एक राजा हवा होता. पोरीला काय हवे हे विचारायचे राहूनच गेले. लग्न तिच्या माहेरी झाले, तेही राजाशिवाय. राजाच्या जागी त्याचा म्हातारा काका उभा राहिला. रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या देखत त्याने एक बूट काढला, नवरीच्या पांघरुणाखाली आपला पाय घडीभर घातला, लग्न पक्के झाल्याचे जाहीर केले आणि जेवायला निघून गेला. पुढे सीमेवरच्या नदीत, एका बेटावरच्या तंबूत तिच्या अंगावरची माहेरची सारी वस्त्रे उतरवून घेतली, आतला सदरासुद्धा. थंडीने कुडकुडत ती नॉर्डहोल्मच्या कपड्यांत शिरली. तिचा कुत्रा परत पाठवला, मैत्रिणी परत पाठवल्या. फक्त दाई राहिली, कारण ती नसेल तर ही मुलगी जेवत नाही असे कुणीतरी राजाला कळवले होते.

या दाईचे नाव झेन्झी. रुंद हाडाची, लाल गालांची, जिभेला धार असलेली. राणीला तिने अंगावर पाजून वाढवले होते, आणि सोन्याचा मुकुट डोक्यावर आला म्हणून ती राणीला बोलायची थोडीच थांबणार होती. हे सगळे मला तिच्याच तोंडून कळले. भट्टीशी एक लाकडी पायरी होती. राणी खुर्चीत बसली की दाईला त्या पायरीवर टेकायची परवानगी असे. ती माझ्या शेजारीच बसायची आणि हलक्या आवाजात दासींना असल्या गोष्टी सांगायची.

राजाने बायकोला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो स्कोव्हला म्हणाला, की चित्रात उंच दिसत होती. तिच्याशी तो एक शब्दही बोलला नाही. वर्षाने तिला मुलगी झाली. रिवाजाप्रमाणे ती तान्ही मुलगी खाडीपलीकडच्या महालात वाढायला नेली आणि राणीने तिला केवळ सणासुदीला भेटायचे असे ठरले. पावसाने झोडपले आणि राजाने मारले तर तक्रार कोणाकडे करायची? राणीने केली नाही. ती फक्त रात्री झेन्झीने केलेले डोंगरातले पिठाचे गोळे खायची आणि सकाळी पुन्हा ताठ मानेने खुर्चीत बसायची. त्या परक्या घरात तिचे म्हणावे असे ती एक म्हातारीच होती.

आता रिग्मोरबाईंविषयी. या एका लहान सरदाराच्या विधवा, पिवळ्या केसांच्या, गोड गळ्याच्या. राजा त्यांच्यासाठी वेडा झाला होता हे राजवाड्यातल्या उंदरांनाही ठाऊक होते. राजाने त्यांना काउंटेस केले, बाग दिली, गाडी दिली. पण संध्याकाळी राणीच्या दिवाणखान्यात त्यांना इतरांसारखे उभेच राहावे लागे. ते त्यांना टोचायचे. एकदा त्या मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "राणीसाहेबांच्या माहेरी म्हणे शेळ्यासुद्धा दिवाणखान्यात बसतात."

"बसतात की," राणी म्हणाली. "पण आमच्या शेळ्या दुसऱ्याच्या कुरणात शिरत नाहीत."

पंख्याआड बायका खुदखुदल्या. रिग्मोरबाईंच्या मानेवर लाल चट्टे उठले, आणि त्या दिवसापासून त्यांना नुसती तिवई नको होती. त्यांना ती या राणीच्या तोंडून हवी होती.

थंडी सुरू झाली, खाडी गोठली, आणि एका दुपारी राजा स्वतः दिवाणखान्यात आला. खिडकीशी उभा राहून तो अक्रोड फोडत होता आणि टरफले माझ्या मखमलीवर टाकत होता. त्याने सांगितले, उद्या संध्याकाळी रिग्मोरला जागा द्यायची. राणी म्हणाली की ती डचेस नाही. राजा म्हणाला की आज सकाळपासून आहे.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"बर्फ फुटलं की दक्षिणेकडं पहिलं जहाज सुटतं. तुझ्या म्हातारीला त्यात बसवीन. दिलीस जागा, तर राहू दे तिला."

"तिनं काय बिघडवलंय तुमचं?"

"काहीच नाही," राजा म्हणाला. "तुला या घरात दुसरं काही आवडतच नाही, त्याला मी काय करू?"

तो गेल्यावर राणीने टरफले एकेक करून उचलली. झेन्झी म्हणाली की दे की मग, ती बाई ढुंगण टेकायला जागा मागते आहे, राज्य मागत नाही. राणी म्हणाली, ती एकदा बसली की जन्मभर माझ्यासमोर बसेल.

"आणि मी गेले तर तुझ्यासमोर कोण असेल?" झेन्झी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला झाडले, माझी झालर विंचरली आणि दोन नोकरांनी मला उचलून थेट राणीच्या खुर्चीसमोर आणून ठेवले. खोटे कशाला बोलू, मी हरखून गेले होते. इतकी वर्षे कोपऱ्यात काढल्यावर मला कुणीही चालले असते, रिग्मोरबाईसुद्धा. दिवाणखाना गच्च भरला होता. राणी खुर्चीत बसली. तिने रिग्मोरबाईंकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "ही जागा तुमची."

रिग्मोरबाईंनी नमस्कार केला. त्यांचा घोळदार घागरा माझ्यावर उतरू लागला, त्याचे रेशीम माझ्या झालरीला लागले, त्यांचा भार आता येणार म्हणून मी पाय घट्ट रोवले. त्याच क्षणी राणी खुर्चीतून उठून उभी राहिली.

सगळ्या डचेसबाई ताडकन उठल्या. संधिवाताने वाकलेली म्हातारी आबेलोनेबाई कण्हत कण्हत उठली. रिग्मोरबाई अर्ध्या वाकलेल्या तशाच थांबल्या. खाली टेकावे तर उद्या राज्य सोडायचे, वर यावे तर सगळ्यांसमोर फजिती. शेवटी त्या सरळ झाल्या.

"आज मला उभं राहावंसं वाटतंय," राणी म्हणाली आणि हसली. या राणीला दात आहेत हे मला त्या दिवशी कळले.

ती संध्याकाळभर उभी राहिली. दुसऱ्या संध्याकाळीही. मग रोजच. राजा चिडला, पण राणीला बसायला लावणारा नियम स्कोव्हकडे नव्हता. तो म्हणाला की आजवर कुठल्या राणीला उभे राहायची हौस आली नव्हती, त्यामुळे नियम करायची वेळच आली नाही. राजा तरी काय करणार? त्याने अंगठीचा हात भिंतीवर आपटला आणि हात सुजवून घेतला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आता सगळे राणीच्या बाजूने झाले असतील. छे. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. आधी ज्या बायका पंख्याआड हसल्या होत्या त्यांचे पाय दुखायला लागल्यावर त्यांना रिग्मोरबाईंचे काही वाटेनासे झाले आणि राणी मात्र डोळ्यांत सलू लागली. कुणी तिच्या उच्चारांची नक्कल करू लागले, कुणी तिला डोंगरी खांब म्हणू लागले. आबेलोनेबाई वयाने मोठ्या, राजाच्या आत्या, म्हणून त्यांनी तोंडावर विचारले, "तुमच्या नवऱ्याचं भांडण आमच्या गुडघ्यांवर का काढता, राणीसाहेब?"

"माझ्या लग्नाच्या मेजवानीला तुम्ही पुन्हा पुन्हा वाढून घेतलंत, आत्याबाई," राणी म्हणाली. "तेव्हा गुडघे बरे होते वाटतं."

मला राणी तेव्हा आवडत नव्हती, हे सांगून टाकते. मला कुणीच आवडत नव्हते. ज्या कामासाठी मला घडवले ते काम रोज माझ्या तोंडाशी येई आणि रोज हिरावले जाई. दोघी बाया समोरासमोर उभ्या, मध्ये मी रिकामी, आणि दोघींच्या नजरेतला विखार माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे. राणीला त्यात गोडी लागली होती. पूर्वी संध्याकाळ झाली की तिचा चेहरा उतरायचा. आता ती दुपारपासूनच टवटवीत होई, कुठले कानातले घालायचे ते विचारत बसे, युद्धावर निघाल्यासारखी दिवाणखान्यात येई. सणाला मुलीला भेटायला खाडीपलीकडे जायचे होते, तर तिने तेही टाळले. शब्द तर देऊन बसले आहे, एक संध्याकाळ चुकली तर रिग्मोर बसेल, असे ती म्हणाली.

आम्हा तिवयांना माणसे पायांपासून दिसतात. राणीला समोरच्या बाईचा चेहरा दिसत होता. मला राणीच्या मागचे पाय दिसत होते.

राणी उभी म्हटल्यावर दाईलाही भट्टीजवळच्या पायरीवर टेकता येईना. ती खुर्चीच्या मागे उभी राहायची. दिवसभर राणीची कामे करून आलेली ती म्हातारी, तिचे घोटे आधी सुजले, मग पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या दोऱ्यांसारख्या वर आल्या. पायात जोडे जाईनात तेव्हा तिने ते कात्रीने कापून मोकळे केले. पुढे एका पायाला जखम झाली आणि मोज्यातून पाणी झिरपू लागले. ती एका पायावर भार द्यायची, मग दुसऱ्या, मग खुर्चीच्या पाठीला धरायची. कण्हली नाही. तिच्यासाठीच तर हे सगळे चालले होते ना? कण्हायचे कुठल्या तोंडाने?

राणीने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

हिवाळा सरत आला. खाडीतले बर्फ तडकल्याचा आवाज दिवाणखान्यात ऐकू येऊ लागला, आणि एका संध्याकाळी राजा आत आला. रिग्मोरबाई त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. राजाने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले की बर्फ फुटले आहे, जहाज उद्या सुटते आहे, आणि म्हातारी त्यात असेल.

"महाराजांनी शब्द दिला होता," राणी म्हणाली. "मी जागा दिली की झेन्झी राहील, असा."

"जागा दिलीस? रिग्मोर, बसलीस का कधी तू?"

"नाही बाई. अजून नशिबात नाही," रिग्मोरबाई गोड आवाजात म्हणाल्या.

"स्कोव्ह, हक्क पुरा झाला का?"

"टेकल्याशिवाय होत नाही, महाराज."

"म्हणजे दिलीच नाहीस," राजा राणीला म्हणाला. "तरी मी दुष्ट नाही. आत्ता खुर्चीत बस. रिग्मोरला टेकू दे. मी जहाजवाल्याला नाही म्हणून कळवतो."

सोपे होते. खुर्ची तिच्या मागे हातभर अंतरावर होती. राणीचा एक जोडा खुर्चीकडे वळला, हे मी पाहिले. मग तिने रिग्मोरबाईंच्या ओठांवरचे हसू पाहिले असावे, कारण तो जोडा पुन्हा समोर आला. ती उभीच राहिली. ज्या म्हातारीसाठी भांडण सुरू केले ती म्हातारी उद्या जाणार होती, आणि भांडण तेवढे राहणार होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हाच.

बहुधा झेन्झीलाही ते दिसले. ती खुर्चीच्या मागून पुढे आली. तिला राणीचा हात धरायचा होता की कानशिलात लगावायची होती, ते मला कधीच कळले नाही. ती राणीपर्यंत पोहोचलीच नाही. तिचे गुडघे मोडले, हात हवेत फिरले, आणि ती धपकन माझ्यावर येऊन पडली.

तो माझ्यावर आलेला पहिला भार. मला वाटले होते, अत्तराचा वास येईल, रेशमाची सळसळ होईल. आला तो भट्टीच्या राखेचा आणि शहाजिऱ्याचा वास. माझा सांधा कुरकुरला, पण मी धरून ठेवले.

राणी उभी, डचेसबाई उभ्या, राजाही उभा, आणि मध्यभागी एक कापलेल्या जोड्यांतली दाई बसलेली. आधी हसल्या त्या रिग्मोरबाई. शेवटी कुणीतरी बसले म्हणायचे, असे त्या म्हणाल्या. मग स्कोव्ह पुढे आला आणि त्याने आपल्या सुक्या आवाजात सांगितले की राणीसाहेब उभ्या असताना ही बाई बसली आहे, तेव्हा उद्या तिने राज्य सोडायचे.

"बघ," राजा राणीला म्हणाला. "मला तर काही करावंसुद्धा लागलं नाही."

राणी वळली. सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदा तिने मागच्या बाजूला, खाली पाहिले. तिला जोडे दिसले. मोज्यावरचा ओला डाग दिसला. ती मागे सरकून खुर्चीत बसली. खुर्चीही इतके महिने रिकामी होती. ती करकरली.

राणी बसली म्हटल्यावर रिग्मोरबाई लगबगीने माझ्याकडे निघाल्या. त्यांना वाटले, जिंकलो. राणीने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. झेन्झीच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "ही जागा तुमची."

एकच कल्लोळ झाला. राजा ओरडला की दाईला तिवई कुठे असते का. आबेलोनेबाई म्हणाल्या की आता स्वयंपाकिणींना आणून बसवा. राणी खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती.

"स्कोव्ह," ती म्हणाली, "जागा कुणाला द्यायची ते कोण ठरवतं?"

"राणीसाहेब."

"ती डचेसच असली पाहिजे, असं कुठं ठरलंय?"

म्हाताऱ्याला राणी आवडत नव्हती, राजाही आवडत नव्हता, दाई तर नाहीच नाही. पण नियम त्याला पोटच्या पोरासारखे होते.

"तसा रिवाज आहे. नियम नाही," तो शेवटी म्हणाला. "राणीसाहेब खुर्चीत आहेत. शब्द उच्चारला आहे. बाई टेकलेली आहे. हक्क पुरा झाला, महाराज. आता यांना कुणी हलवू शकत नाही."

"मीसुद्धा?"

"आपणसुद्धा."

राजाने दार आपटले ते इतक्या जोरात की भट्टीवरची एक फरशी निखळली. राणी बसलेली होती, म्हणून डचेसबाई हुश्श करत आपापल्या तिवयांवर बसल्या. एकट्या रिग्मोरबाई उभ्या राहिल्या. त्यांची जागा दुसरीला गेली होती, त्यांना आता नव्याने शब्द लागणार होता.

आणि आता शेवटचे ऐका, कारण तुमच्या बाईंना हे कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. राणी खुर्चीतून पुढे झुकली. तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर विजय होता. ती म्हणाली, "झेन्झी, आता तुला जन्मभर कुणी नेऊ शकत नाही. सुटलीस तू."

झेन्झीने आपला एक पाय दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ केला. तो तिच्या हुकमात राहिला नव्हता.

"हे तुझ्या हातात होतं, तर पहिल्याच दिवशी का नाही केलंस?" ती म्हणाली.

"मला सुचलंच नाही गं."

"सुचणार कसं? मी तुझ्या मागं उभी होते." म्हातारीने पाय खाली ठेवला. "माझे पाय तुझ्या भांडणात गेले, पोरी. तिच्या नाही. तुझ्या."

दरबाराने राणीचा अपमान खूप केला होता, पण तिला मान खाली घालताना मी त्या एका संध्याकाळी पाहिले.

झेन्झी पुन्हा उभी राहिली नाही. रोज संध्याकाळी दोन नोकर तिला उचलून आणत आणि माझ्यावर ठेवत. ती वर्षानुवर्षे बसली. राणीचा संसार काही सुधारला नाही. राजा तसाच राहिला, मुलगी खाडीपलीकडेच वाढली आणि आईला परक्यासारखी ओळखू लागली. वसंतात राणीने रिग्मोरबाईंनाही एक तिवई देऊन टाकली, अगदी सहज, उरलेली भाकरी द्यावी तशी, आणि रिग्मोरबाईंना त्यात काडीचा आनंद झाला नाही. कधी त्या काही टोचून बोलत आणि राणीचे हात खुर्चीवर आवळले जात, ती उठू पाही. झेन्झी फक्त आपला झगा दोन बोटे वर उचलून पाय दाखवी. राणी पुन्हा बसे.

तेव्हा मित्रांनो, मला पुसू नका, माझी मखमल बदलू नका, माझ्यावर निबंध लिहू नका. तुमच्या कौतुकाची मला गरज नाही. पण तुम्हीही भांडाल, माणसांची पोरे आहात, भांडल्याशिवाय राहणार नाही. आणि आपण आपल्या माणसासाठी भांडतो आहोत, असे छातीठोकपणे सांगाल. त्या वेळी एकदा मागे वळून बघा. ते माणूस तुमच्या मागे उभे असेल. त्याला आधी बसवा.